नर्सबाई आणि फुकटचा डोस

आमच्या नर्सबाईंनी आयुष्यात कुणाला "काय झालं?" असं विचारलं नाही. त्या विचारायच्या, "कधीपासून?" ताप आला, कधीपासून? गाय आटली, कधीपासून? पोरगी कुणाबरोबर तरी निघून गेली म्हणून एक बाप त्यांच्या दारात रडत आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "सकाळपासून." बाई म्हणाल्या, "ते नाही. त्या पोराशी बोलायला लागली कधीपासून?" बापाला सांगता येईना. "मग तुला काही माहितीच नाही, रडतोस कशाच्या जोरावर?" असं म्हणून बाईंनी त्याला चहा पाजला आणि घरी पाठवला. पोरगी चार दिवसांनी नवऱ्यासकट परत आली, तेव्हा ती आधी बाईंकडेच गेली.

बोर्ली पंचतनच्या पंचक्रोशीत बाई चौतीस वर्षं नर्स होत्या. मूळच्या माणगावकडच्या, मास्तरांची मुलगी. नवरा एसटीत होता, तो लवकर गेला. एक मुलगी, पनवेलला दिलेली. बुद्धविहाराच्या मागे बाईंनी दोन खोल्या बांधल्या आणि गाव त्यांचं खरं नाव विसरून गेलं. बाईंच्याही लक्षात माणसं नावाने राहत नसत, जन्माच्या वजनाने राहत. आमचे सरपंच भाषणाला उभे राहिले की पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज यायचा, "एक किलो नऊशे. जगेल असं वाटलं नव्हतं." सरपंचांनी एकदा हात जोडले, "बाई, निवडणूक तोंडावर आहे." बाई म्हणाल्या, "म्हणून तर सांगते. लोकांना कौतुक वाटेल." सरपंच निवडून आले. कौतुकाने आले की कशाने, मला माहीत नाही.

मी तीन किलो दोनशे. हे वजन बाई चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत. डावा पाय मात्र माझा आठव्या महिन्यात गेला, पोलिओने. यात हळहळण्यासारखं काही नाही. हा पाय आणि मी इतकी वर्षं एकत्र काढली आहेत, आमचं बरं चाललंय. पण या पायामुळे बाई माझ्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त आल्या. आमचं घर तेव्हा खाडीपलीकडच्या वाडीत होतं. दर बुधवारी बाई होडीने यायच्या, तेल लावून माझा पाय चोळायच्या, वाकवायच्या, ताणायच्या. मी बोंब मारायचो आणि बाई म्हणायच्या, "रड, रड. फुप्फुसं तरी चांगली होतील." मुंबईच्या हॉस्पिटलात पायाला लावायच्या कॅलिपरचं माप द्यायला मला कडेवर घेऊन गेल्या त्याही बाईच. बारावीनंतर माणगावच्या कॉम्प्युटर क्लासात नाव त्यांनीच घातलं. "बसून करायचं काम शीक," म्हणाल्या, "पण बसून राहू नकोस." आई तर बाईंचं नाव घेतल्याशिवाय देवाला हात जोडत नसे. मात्र बाई समोर आल्या की ती कधी नजर वर करून बोलली नाही. मला वाटायचं, आदर आहे.

बाई निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आल्या. बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि न मागता दिलेले सल्ले. "एक लॅपटॉप दे," म्हणाल्या. "अक्षरं मोठी दिसली पाहिजेत." कशाला हवा, हे मी विचारलं नाही, कारण पिशवीतून त्यांनी वह्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. सरकारी रजिस्टरं सरकारजमा झाली, पण बाईंनी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत दुसरी प्रत ठेवली होती. कोण कधी जन्मलं, किती वजनाचं, कुठला डोस कुठल्या तारखेला. वाडीवस्तीवर घरी जन्मलेली कितीतरी माणसं, त्यांच्या जन्माचा धड पुरावा म्हणजे बाईंची वही. दाखल्याला, लग्नाला, पासपोर्टला लोक त्यांच्याकडे यायचे. आणि त्या वह्यांना आता खारी हवा लागली होती, वाळवीही लागली होती. "मी गेल्यावर ही माणसं जन्मलीच नाहीत असं व्हायला नको," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून रोज अकरा ते एक बाई माझ्या दुकानात बसून टाईप करायच्या, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर होता. दोन बोटांनी टाईप. वेग, एका चहात दोन बाळं. मधेच थांबून स्वतःशी हसायच्या आणि मला सांगायच्या, "ही बघ, होडीत झालेली." किंवा चष्मा काढून पुसायच्या आणि काही सांगायच्या नाहीत. मी समजायचो, हे बाळ पुढे राहिलं नसणार.

त्या वर्षी मुंबईची नोकरी गावी बसून करणारे बरेच आले होते, त्यामुळे माझी विक्री जोरात होती. एक दिवस मी एका गिऱ्हाइकासाठी नवा खोका फोडला आणि सवयीने आतली पत्रकं कचऱ्याच्या टोपलीत टाकली. बाईंनी उठून ती टोपलीतून काढली.

"हे काय टाकलंस?"

"बाई, ते प्रत्येक खोक्यात असतं. कुणी वाचत नाही."

"औषधाच्या खोक्यातही असतं. कुणीतरी वाचतं, म्हणून बाकीचे जगतात."

पत्रकात लिहिलं होतं की ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती येते आहे, आणि अमुक तारखेनंतर ज्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला त्यांना ती फुकट मिळेल. बिलाचा फोटो आणि मशीनचा नंबर कंपनीच्या साइटवर चढवायचा, कोड येतो, तो टाकायचा. मुदत दोन महिने. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं ठाऊक होतं. पण फुकट म्हटलं की गावभरची मशीनं माझ्या टेबलावर येऊन पडणार आणि बिनपैशाचं काम मीच करणार, म्हणून मी मूग गिळून बसलो होतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते बाईंना समजावायला लागलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं. "समजलं. आत राहून सगळा कारभार बघते आणि बाहेरून दिसत नाही. आता सांग, जुनीच राहिली तर काय होतं?"

मी बोलून गेलो, "काही काळाने तिचे सुरक्षेचे अपडेट बंद होतात. मग व्हायरसला रान मोकळं."

कपाळ माझं! व्हायरस हा शब्द त्या बाईसमोर काढायचा नव्हता. बाईंनी चष्मा नीट केला, माझं बिलबुक पुढ्यात ओढलं आणि त्या तारखेनंतरची बिलं मोजली. सव्वीस निघाली. "सव्वीस लाभार्थी," बाई म्हणाल्या. "घरोघर जावं लागेल." मी म्हटलं, बाई, फोन करू, येतील. "फोनवर सगळे येतो म्हणतात. चौतीस वर्षं ऐकलंय मी."

पल्स पोलिओची मोहीम ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाईंच्या घरी निळी-पांढरी जुनी लसीची पेटी होती, मोडीत निघालेली. तिच्यात बर्फाच्या जागी माझा पेनड्राइव्ह, डोंगल, चार्जर आणि ज्यांची नावं यादीत होती त्यांच्या बिलांच्या झेरॉक्स. माझ्या जोडचाकांच्या स्कूटरवर पुढे मी, मागे पेटी मांडीवर घेतलेल्या बाई. काम झालं की दाराच्या चौकटीशेजारी खडूने खूण. घर बंद असेल तर फुली, आणि तिथे परत फेरी. एवढ्यावर भागलं नाही. पोलिओच्या थेंबांनंतर बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावतात, तशी बाई लॅपटॉप उलटा करून डाव्या कोपऱ्यात मार्करचा ठिपका देत. "नाहीतर हेच परत आणून दाखवतील," म्हणाल्या. मी विचारलं, फुकटचं दोनदा कोण घेईल? बाईंनी मार्करला टोपण लावलं आणि पुढच्या घराकडे बोट दाखवलं.

दिवेआगरला एक खानावळवाला अडून बसला. पर्यटकांच्या बुकिंगसाठी त्याने लॅपटॉप घेतला होता. "कंपनी फुकट देते म्हणजे आतून काहीतरी काढून घेणार," म्हणाला. बाई ओट्यावर बसल्या. "तुझ्या लसीच्या वेळी तुझा बापही हेच म्हणाला होता. म्हणे, पोराला पुढे पोरं होणार नाहीत. तुला किती?" "तीन," तो म्हणाला. आतून बायको म्हणाली, "चौथा राहिलाय." खानावळवाल्याने मुकाट्याने लॅपटॉप आणून दिला आणि आम्हाला बांगड्याचं जेवण वाढलं.

बोर्लीतच मोहल्ल्यातल्या एका घरी म्हाताऱ्या खाला होत्या, त्यांच्या सुनेचा लॅपटॉप. नवी आवृत्ती उतरता उतरता पस्तीस टक्क्यांवर अडकली. अर्धा तास झाला, हलेना. सून रडकुंडीला आली, तिचं ऑफिसचं काम त्यात होतं. मीही घाबरून बटणाकडे हात नेला. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "कळा सुरू आहेत. हात लावायचा नाही." खालांनी विचारलं, "सिस्टर, और कितना टाइम?" बाई म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे. वेळ घेणार. चहा टाका." दुसऱ्या चहाला मशीन सुटलं. बाईंनी सुनेला बजावलं, "आज जरा अंग कसकसेल त्याचं, हळू चालेल. उद्या खेळायला लागेल. नाही लागला तर आम्हाला बोलव, शेजाऱ्याला दाखवू नको."

अशी बावीस घरं झाली. मी सुरुवातीला कुरकुरत होतो, पण पंधराव्या घरापासून मलाच चेव चढला. कुठे फुली दिसली की मी स्कूटर वळवायचो. बाविसावं घर करून दुकानात आलो तेव्हा मी खुशीत म्हटलं, "बाई, चार राहिले. आता तुमचा करून टाकू."

बाई पेटी पुसत होत्या. "माझा त्यात बसत नाही," म्हणाल्या. "मी त्या तारखेच्या अकरा दिवस आधी घेतला."

मी बिलबुक उघडून बघितलं. खरंच, अकरा दिवस. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीचं बिल. म्हणजे पत्रक वाचलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं, आणि तरी ही बाई महिनाभर दुसऱ्यांच्या मशीनसाठी माझ्या मागे स्कूटरवर कंबर मोडून घेत होती. ज्या मशीनमध्ये पंचक्रोशीतली सगळी पोरं टाईप केलेली, तेवढंच बिनलसीचं राहणार! मी म्हटलं, "अकरा दिवसांचं काय घेऊन बसलात? बिलबुक माझं, शिक्का माझा. नवीन बिल फाडतो, तारीख पुढची घालतो. कंपनी काय विहारामागे बघायला येणार आहे?"

बाई त्या कोऱ्या बिलाकडे बघत राहिल्या. त्यांना हवं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी पेन उघडलं. मग बाईंनी बिलबुकावर तळहात ठेवला.

"तुझं लसीचं कार्ड आईकडे आहे?"

"ट्रंकेत असेल. का?"

"त्यावर तिसऱ्या डोसाची तारीख आहे. माझ्या अक्षरात. त्या तारखेला मी तुमच्या घरी आले होते, पण डोस दिला नव्हता. पुढच्या बुधवारी देऊच, म्हणून तारीख आधी लिहून टाकली. पुढच्या बुधवारी आले तेव्हा तुला ताप होता." मग म्हणाल्या, "तो तापच पोलिओचा होता."

मी पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, "त्या डोसाने पाय वाचला असता?"

"माहीत नाही. वाचतोच असं नाही. पण दिला असता तर हे विचारायची वेळ तुझ्यावर आली नसती."

आज मी हे शांतपणे लिहितो आहे. त्या दिवशी शांत नव्हतो. मला पायाचं एवढं काही वाटलं नाही. पायाशी माझं भांडण केव्हाच मिटलं होतं. मला वाटलं ते बुधवारांचं. होडीने येणं, तेल चोळणं, कडेवर घेऊन मुंबई, क्लासाची फी. मी आयुष्यभर समजत होतो की ही बाई माझ्यावर जीव टाकते. आणि ती तर फेडत होती! म्हणजे माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी तेच केलं असतं. मी म्हटलं, "बाई, मला दुकान बंद करायचंय." दुपारचे बारा वाजले होते. बाईंनी विचारलं नाही, कधीपासून बारा वाजता बंद करायला लागलास म्हणून. पेटी उचलली आणि गेल्या. लॅपटॉप टेबलावरच राहिला.

नऊ दिवस मी बाईंशी बोललो नाही. फोन आला नाही, आला असता तरी उचलला नसता. उरलेली चार घरं बाईंनी एकटीने केली, एसटीने आणि पायी. बावीस वेळा बघून त्यांना सगळं पाठ झालं होतं. वेळासच्या एका गिऱ्हाइकाने मला येऊन सांगितलं, "तुमची सिस्टर आली होती. खडूने खूण करून गेली. तुम्ही बरे आहात ना, विचारत होती." मी म्हटलं, बरा आहे.

आई आता माझ्याजवळ बोर्लीत राहते. दहाव्या दिवशी सकाळी ती पडवीत सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "बाई का येत न्हाईत दुकानात? तुझं काय बिनसलं?" मी टाळाटाळ केली, पण आईसमोर माझं टाळणं फार वेळ टिकत नाही. सांगून टाकलं. बाईंनी माझा डोस चुकवला आणि खोटी तारीख लिहिली. माझ्या पायाचं हे असं आहे.

आईचे हात थांबले. "असं बाई बोलल्या?"

"हो."

"माझं नाव न्हाय घेतलं?"

"तुझं काय नाव घ्यायचं त्यात?"

आईने सुपातली सुकट परत टोपलीत ओतली, निवडलेली आणि न निवडलेली एकत्र. मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. "दुसऱ्या दिवशी तुझ्या मामाचं लगीन व्हतं, म्हसळ्याला. बाई पेटी घेऊन दारात हुब्या. सुई टोचली का ताप येतो, तापलं पोर घेऊन मी लगनाला कशी जानार? बाई म्हनल्या, थेंब तरी पाजू. मी म्हनलं, काय ते एकदमच द्या पुढल्या बुधवारी. पन कार्ड कोरं ठेवू नका. तुझा बा लई कडक, कोरं दिसलं असतं तर त्यानं मला जाऊ दिलं नसतं. एकुलत्या भावाचं लगीन रं! मी बाईंच्या पाया पडले, लिवाच म्हनलं. त्या बी तवा पोरसवदा. हसल्या न् लिवलं." आईने पदराने तोंड पुसलं. "लगनात मी नाचले. आठ दिवसांनी तुझा पाय गेला. बाईंनी तवापासून आजवर त्यातलं अक्षर काढलं न्हाय. मी बी न्हाय काढलं. मला वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुझा बा मेला, त्याला बी न्हाय सांगितलं त्यांनी."

मी आईला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. जवळ बसलो आणि आम्ही दोघांनी ती सुकट पुन्हा निवडली.

दुपारी लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी गेलो. बाई ओटीवर वही उघडून बसल्या होत्या, जुन्या सवयीप्रमाणे हाताने लिहीत. मी दारातूनच म्हटलं, "बाई, तुम्ही मला अर्धंच सांगितलंत."

त्यांनी चष्मा काढला. "आईला बोलायला लावलंस?"

"ती आपण होऊन बोलली."

"बीपीची गोळी घेतली का तिने आज?"

"बाई!"

"अर्धं नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "माझं होतं तेवढं सगळं सांगितलं. कार्डावर सही माझी आहे. आईने हजारदा म्हटलं असेल, पण पेन माझ्या हातात होतं. ती एकवीस वर्षांची पोर, तिला लग्नाला जायचं होतं. मला शिकवून पाठवलं होतं सरकारने." मग, माझ्याकडे न बघता, "आणि बुधवारी यायचे ते फेडायला नाही यायचे. म्हणजे पहिले दोन-चार बुधवार आले असेन. पुढे तू हसायला लागलास."

मी तिथे ओटीवर बसून ढसाढसा रडलो. एवढा बाप्या माणूस. बाई म्हणाल्या, "रड, पण लॅपटॉप खाली ठेव आधी, पडेल."

नवी आवृत्ती बाईंनी विकत घेतली. मी माझ्यातर्फे घालतो म्हटलं तर ऐकेनात. "बिल फाड, आजची तारीख घाल." सव्वीस जणांना फुकट मिळवून देणारी ही बाई, पंचक्रोशीत ती विकत घेणारी एकमेव. मशीन चालू झालं, पडद्यावर नवं चित्र आलं. बाईंनी ते दोन मिनिटं निरखलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप? आधीचं निळं बरं होतं." मग उलटं करून डाव्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने ठिपका दिला.

पुढे दोन वर्षं बाई अकरा ते एक टाईप करत राहिल्या, शेवटच्या वहीपर्यंत. गेल्या हिवाळ्यात पनवेलला मुलीकडे गेल्या आणि तिथेच गेल्या. झोपेत. आजारी कधीपासून होत्या, हे कुणालाच सांगता आलं नाही. सांगणार कोण, विचारणारीच गेली. मुलीने लॅपटॉप आणि वह्या मला आणून दिल्या, आईने तसं सांगितलंय म्हणाली. आता दाखल्यासाठी जन्मतारीख हवी असली की लोक माझ्याकडे येतात. आणि वॉरंटी संपलेली माणसंही येतात, बिलावर तारीख जरा पुढची घाल म्हणतात. मी घालत नाही. त्यामुळे दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं श्रीवर्धनच्या दुकानात जायला लागली आहेत. जाऊ देत.

परवा आई दुकानात आली, बाईंच्या लॅपटॉपसमोर बसली. म्हणाली, "आपलं बी हाय का रं त्यात?" मी शोधून दाखवलं. माझं नाव, तीन किलो दोनशे, पहिला डोस, दुसरा डोस. डोस चुकला तर शेवटी कारणाचा रकाना असतो. ताप, घर बंद, परगावी, असं बाई लिहीत. आईला वाचता येत नाही, तिने मला वाचायला लावलं. मी वाचलं, "तिसरा डोस, दिला नाही. कारण, नर्स."

आईने पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तितं माझं बी लिव." मी म्हटलं, ही बाईंची वही आहे, मी कसं लिहू? "मग मी लिवते," म्हणाली. 'आई' हा शब्द दोन बटणांचा आहे. मी बटणं दाखवली, तिने एका बोटाने ती एकेक करून दाबली. कारणाच्या रकान्यात नर्सच्या पुढे ती दोन अक्षरं उमटली. आईने मला ओळ पुन्हा वाचायला लावली आणि पदर सावरून उठली.

"आता ठीक झालं," म्हणाली. "बाई येकट्याच बसल्या व्हत्या तितं."